शेवटची बोट सुटण्याआधी

अंदमानला निघालेल्या मराठी मंडळींच्या बॅगेत चिवडा, खाकरे, बाकरवडी, टोपी आणि गॉगल न विसरता जातात. औषधांची पिशवी मात्र आदल्या रात्री, आठवेल तशी भरली जाते. चार क्रोसिन, एक बाम, दोन-तीन बँडेड पट्ट्या, संपलं. महाबळेश्वरला किंवा अलिबागला हे चालून जातं, कारण कोपऱ्यावर मेडिकलचं दुकान असतं आणि फारच वाटलं तर दोन-तीन तासांत पुण्या-मुंबईचं इस्पितळ गाठता येतं. अंदमानात तसं होत नाही. तिथले आजार फार वेगळे आहेत अशातला भाग नाही. डेंग्यू, लेप्टो, जुलाब, ऊन लागणं हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. फरक पडतो तो आजारी माणूस आणि डॉक्टर यांच्यामध्ये समुद्र असल्यामुळे.

आधी हा समुद्र नीट समजून घेऊ. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्री विजयपुरम, चेन्नईपासून तेराशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. विमानाला दोन-सव्वादोन तास लागतात. या शहरात गोविंद बल्लभ पंत रुग्णालय आहे, त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि ‘आयएनएचएस धन्वंतरी’ हे नौदलाचं रुग्णालयही आहे. तेव्हा शहरात असताना फार चिंता नाही. पण पर्यटक शहरात थांबायला गेलेलाच नसतो. त्याला स्वराज द्वीप (जुनं हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (जुनं नील) बघायचं असतं. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. ताप, जखम, सलाइन, इंजेक्शन, टाके इथवर ते सांभाळतं. त्यापलीकडे रुग्णाला पोर्ट ब्लेअरला हलवावं लागतं, आणि वेगवान बोटीनेही दीड ते दोन तास मोडतात. प्रवासी बोटी दिवसा सुटतात. अगदी अटीतटीच्या वेळी प्रशासन हेलिकॉप्टर देतं, पण तेही उजेड आणि हवामान पाहून. आणि पोर्ट ब्लेअरलाही न झेपणारं काही असलं, मेंदूची किंवा हृदयाची अवघड शस्त्रक्रिया, तर पुढचा मुक्काम चेन्नई किंवा कोलकाता.

म्हणून बेटावर दुखणं कितपत गंभीर आहे याइतकाच ‘शेवटची बोट कधी?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सकाळी नऊला छातीत दुखू लागणं आणि संध्याकाळी सातला दुखू लागणं यांत बेटावर मोठं अंतर आहे. ‘बघू रात्रभर, उतरेल’ हा आपला घरगुती शिरस्ता तिथे महागात पडू शकतो. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

या बेटांचा आजारपणाशी संबंध जुना आहे. इंग्रजांनी १७८९ मध्ये इथे पहिली वसाहत वसवली, ती तीन वर्षांत उत्तरेकडे हलवली आणि १७९६ मध्ये रोगराईपायी गुंडाळली. १८५७ च्या उठावानंतर कैद्यांची वसाहत सुरू झाली तेव्हाही ताप आणि हगवणीने माणसं भराभर मेली. १८७२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो माउंट हॅरिएटवर चढला तो तिथे आरोग्यधाम काढता येईल का हे पाहायला. उतरल्यावर धक्क्यावर शेर अली आफ्रिदीने त्याला ठार केलं. इतिहासाच्या पुस्तकांत खून राहिला, आरोग्यधाम राहून गेलं. आज सेल्युलर जेल पाहायला जाणाऱ्याला यातलं काही भोगावं लागत नाही. पण हवा तीच आहे: दमट, उष्ण, वर्षाला साधारण तीन मीटर पाऊस आणि चिखल-पाण्यात वाढणारे जंतू.

तयारीला निघण्याआधी चार-सहा आठवडे लागावं. धनुर्वाताचा डोस शेवटचा कधी घेतला हे बहुतेकांना आठवत नाही. दहा वर्षं उलटली असतील तर घेऊन टाकावा, कारण प्रवाळावर पाय कापणं ही अंदमानातली सर्वांत सामान्य दुखापत असावी. टायफॉइड आणि कावीळ-अ यांच्या लशींबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं. गोवराची लस झालेली आहे ना, हेही पाहावं. ती का, ते पुढे येईलच.

रोजच्या गोळ्या चालू असलेल्यांनी (आणि अंदमानच्या सहलीत असे निम्मे तरी असतात) दुप्पट साठा न्यावा. तो दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावा आणि त्यांतली एक कायम अंगाबरोबर असावी. हवामान बिघडून बोटी रद्द होतात, मुक्काम लांबतो, आणि छोट्या बेटावरच्या दुकानात तुमच्याच कंपनीची गोळी मिळेल याची खात्री नसते. म्हणून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं. इन्सुलिन विमानाच्या सामानकक्षात कधीही टाकू नये. तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला चांगलं, पण कामाला कुचकामी असतं. वापरात असलेलं पेन तीस अंशांच्या आत ठेवलं तर साधारण चार आठवडे टिकतं. बोटीच्या डेकवर उन्हात राहिलेली पर्स तीस अंशांच्या आत नसते, एवढं ध्यानात ठेवायचं.

मधुमेहींसाठी आणखी एक. पायातली जाणीव कमी झालेल्या माणसाला तापलेली वाळू भाजते ते कळत नाही, शंखाचा तुकडा घुसतो ते कळत नाही. रात्री खोलीवर मोजा काढल्यावर फोड दिसतो. अनवाणी चालण्याची मजा कितीही असो, अशा मंडळींनी वाळूत आणि पाण्यातसुद्धा बुटासारखी चप्पल घालावी आणि रोज रात्री तळपाय बघावेत. दिसत नसतील तर कुणाला तरी बघायला सांगावेत. यात लाजण्यासारखं काही नाही.

मग बोट. समुद्र शांत असेल तर काहीच वाटत नाही. खवळलेला असेल तर बंद काचांच्या वातानुकूलित बोटीत पाऊण तासात निम्मे प्रवासी पिशव्या धरून बसलेले असतात. होतं असं की कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण हलतोय, आणि समोरच्या खुर्चीकडे पाहणारे डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. मेंदूला या दोन निरोपांचा मेळ घालता येत नाही आणि मळमळ सुरू होते. म्हणून मोबाइल बंद करून दूर क्षितिजाकडे पाहत राहावं, आणि जागा बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घ्यावी, कारण हेलकावा तिथे सर्वांत कमी असतो. आलेपाकाची वडी काहींना खरंच उपयोगी पडते. ‘अव्होमिन’सारखी गोळी घ्यायची तर बोट सुटण्याआधी किमान तासभर. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर ती उलटीबरोबर बाहेर येते. या गोळ्यांनी गुंगी येते. काचबिंदू किंवा प्रॉस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. आणि सकाळच्या बोटीत ही गोळी घेऊन त्याच दुपारी स्कूबाला उतरणं हा सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत वारंवार दिसणारा जोड मला अजिबात पटत नाही.

स्कूबाविषयी जरा सविस्तर बोलायला हवं, कारण पन्नाशीतले लोक आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली जातात ते इथेच. पोहता येत नसलं तरी चालतं, प्रशिक्षक हाताला धरून नेतो, फोटो काढतो, बारा मीटरच्या आत सगळं आटोपतं. यात लपवाछपवी काही नाही. पण शरीरात काय घडतं ते माहीत असलेलं बरं. पृष्ठभागावर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. दहा मीटर खाली गेलं की तो दुप्पट होतो आणि शरीरातल्या पोकळ्यांमधली हवा निम्म्या जागेत दबते. पहिला त्रास कानाला होतो, तोही अगदी दोन मीटरवरच. पडद्यामागच्या हवेचा दाब बाहेरच्या पाण्याशी जुळवून घ्यावा लागतो. त्यासाठी नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि ते दुखायच्या आधीच, थोड्या थोड्या अंतराने. सर्दी असेल तर नाकातून कानाकडे जाणारी नळी सुजलेली असते. हवा जात नाही, आणि जोर केला तर पडदा फाटतो. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणं ही अधिकच वाईट युक्ती, कारण गोळीचा असर पाण्याखाली असतानाच ओसरला तर वर येताना हवा कानात अडकते. सर्दी असेल तर स्कूबा नाही, पैसे बुडाले तरी नाही.

दुसरा नियम श्वास न रोखण्याचा. खाली भरून घेतलेली हवा वर येताना फुगते. घाबरून श्वास धरून कुणी झपकन वर आलं तर फुप्फुसाला इजा होते, थोड्या खोलीवरूनही. म्हणून श्वास चालू ठेवायचा आणि सावकाश वर यायचं. तिसरी गोष्ट नायट्रोजनची. दाबाखाली श्वास घेताना हा वायू रक्तात आणि चरबीत विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघण्याआधी विमानात बसलं तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, चक्कर येते, क्वचित हातपाय लुळे पडतात. एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डुबक्यांनंतर किमान १८ तास विमान टाळावं, असा सर्वमान्य संकेत आहे. सामान्य पर्यटकाने सरळ पूर्ण दिवस मधे सोडावा. म्हणजे कार्यक्रम आखतानाच स्कूबा सहलीच्या मध्यावर घ्यायचा, शेवटच्या दिवशी ‘राहिलंय तेवढं उरकू’ म्हणून घ्यायचा नाही. या विकारावर रुग्णाला दाबाच्या बंद कक्षात ठेवून उपचार करतात. असा कक्ष पोर्ट ब्लेअरला नौदलाकडे आहे. स्वराज द्वीपावरून तिथवर पुन्हा बोट आलीच.

उतरण्याआधी एक फॉर्म भरून घेतात. दमा, फिट, हृदयविकार, रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण. लोक सर्रास सगळीकडे ‘नाही’ लिहितात, कारण ‘हो’ लिहिलं तर डॉक्टरांचा दाखला मागतील. हा दाखला घरून निघतानाच आणला तर प्रश्नच मिटतो. खोटं लिहिलेला फॉर्म प्रशिक्षकाला फसवतो, फुप्फुसाला फसवत नाही.

स्नॉर्केलिंगमध्ये दाबाचा धोका नसतो, पण तासभर पालथं तरंगल्याने पाठ, मान आणि पोटऱ्या अशा भाजतात की दोन रात्री कुशीवर झोपावं लागतं. पाण्याच्या गारव्यात ते कळतच नाही. पूर्ण बाह्यांचा कपडा हा सर्वांत खात्रीचा उपाय. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला असूनही घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचंच आहे, त्यामुळे उन्हाळ्यात पहाटे पाचच्या सुमारासच उजाडतं आणि आठ वाजताचं ऊन आपल्याकडच्या साडेनऊसारखं चढलेलं असतं.

समुद्रातल्या प्राण्यांपैकी बहुतेकांना आपल्यात रस नसतो. जेलीफिश लागला तर ती जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी. चोळू नये आणि गोडं पाणीही घालू नये, त्याने कातडीला चिकटलेल्या, अजून न फुटलेल्या डंखपेशी फुटतात. स्टोनफिशसारख्या काटेरी माशावर पाय पडला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्यास कळ कमी होते. मग डॉक्टर. प्रवाळाचा ओरखडा छोटा दिसतो पण चिघळतो, म्हणून साबण आणि भरपूर पाण्याने लगेच स्वच्छ करावा. मगरींचं प्रकरण मात्र गंभीर आहे. इथल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरी खाड्यांतून समुद्रात येतात. एप्रिल २०१० मध्ये स्वराज द्वीपावर स्नॉर्केलिंग करणारी एक अमेरिकन तरुणी मगरीच्या हल्ल्यात दगावली. किनाऱ्यावरचे फलक, पाण्यातली जाळी आणि जीवरक्षकाची शिट्टी यांचा मान राखावा, आणि खाडीच्या मुखाजवळ किंवा तिन्हीसांजेला पाण्यात उतरू नये.

कुत्रा चावला तर? अंदमान-निकोबार बेटं दीर्घकाळ रेबीजमुक्त मानली गेली आहेत. तरीही जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरांना दाखवायचीच. इंजेक्शन नको हा निर्णय त्यांनी घ्यावा, आपण हॉटेलच्या व्हरांड्यात बसून घेऊ नये.

आता डास. हिवताप पसरवणारी इथली मुख्य जात मचूळ पाण्यात वाढते. २००४ च्या त्सुनामीनंतर जिथे समुद्राचं पाणी जमिनीवर साचून राहिलं तिथे तिला आयतं घर मिळालं. तरी हिवतापाचा भार मुख्यतः निकोबारकडे राहिला आहे, आणि तिथे पर्यटकांना सहसा परवानगीच नसते. नेहमीच्या बेटांवर आठवडाभर जाणाऱ्याला प्रतिबंधक गोळ्या लागतीलच असं नाही. लहान मुलं, गर्भवती किंवा लांबचा मुक्काम असेल तर मात्र डॉक्टरांशी बोलावं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त रात्री कॉइल लावून भागत नाही. किनाऱ्यावर वाळूतल्या बारीक माश्याही चावतात. त्यांच्या पुळ्या आठवडाभर खाजतात आणि खाजवल्या की पिकतात. मलम लावून सैल, लांब पायजमा घालणं हा साधा इलाज.

लेप्टोस्पायरोसिस मुंबईकरांना २००५ च्या महापुराने शिकवला. अंदमानात त्याची नोंद १९२९ पासून आहे. १९८८ नंतर उत्तर अंदमानात पावसाळ्यामागोमाग ताप येऊन खोकल्यातून रक्त पडण्याच्या साथी येत राहिल्या. ‘अंदमानचा रक्तस्रावी ताप’ असं नाव पडलेला तो विकार लेप्टोच निघाला, हे पोर्ट ब्लेअरच्या प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्राच्या कामातून पुढे आलं. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून हे जंतू चिखल-पाण्यात येतात आणि पायाच्या भेगेतून शरीरात शिरतात. म्हणजे ओढ्यातून, शेतातून, धबधब्याकडे जाणाऱ्या पायवाटेवरून चालताना बंद बूट, आणि पायाला जखम असेल तर तो ट्रेक रद्द. पोटऱ्या भयंकर दुखणं आणि डोळे लाल होणं ही त्याची ओळखीची चिन्हं.

पोट बिघडलं तर पहिल्या जुलाबापासून ओआरएस सुरू करावं. नारळपाणी बेटावर मुबलक असतं आणि चांगलंही असतं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून एकट्या शहाळ्यावर विसंबू नये. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी जुलाब लागले तर लगेच डॉक्टरांना विचारावं.

बाराटांगची फेरी हे ज्येष्ठांसाठी खास प्रकरण. पहाटेच्या अंधारात निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा तयार होतो आणि मग जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून न थांबता जायचं. लघवीला थांबता येणार नाही या धास्तीने लोक आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत, आणि मग होडी, चुनखडीच्या गुहेपर्यंतची पायपीट आणि दमट हवा यांत कुणीतरी चक्कर येऊन बसतं. नाक्यावर स्वच्छतागृहाचा वापर करून घ्यावा, पाणी घोट-घोट चालू ठेवावं. ज्यांना खरंच झेपत नाही त्यांनी हा दिवस सोडून द्यावा.

याच रस्त्यावर गोवराच्या लशीचा मुद्दा येतो. जारवा शेकड्यांनी मोजता येतील इतकेच आहेत, आणि आपल्याला किरकोळ वाटणारे आजार त्यांच्यासाठी नवे असतात. १८७७ च्या गोवराच्या साथीत ग्रेट अंदमानी लोकांची अपरिमित हानी झाली. जारवांशी बाहेरच्यांचा संपर्क वाढू लागला आणि १९९९ मध्ये त्यांच्यातही गोवर पसरला. त्यांना खाऊ देणं, फोटो काढणं कायद्याने गुन्हा आहे. खोकल्या-तापाच्या माणसाने त्या गाडीत बसूच नये.

बेटावर असताना ताप आला तर? पॅरासिटामॉल घ्यावी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन ताप ओळखीचा होईपर्यंत टाळावीत, कारण डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढतो आणि लेप्टोत मूत्रपिंडाला फटका बसतो. हृदयासाठी रोज अॅस्पिरिन घेणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद न करता विचारून घ्यावं. पहिल्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवावं, आणि शक्य असेल तर पुढच्या बेटाची बोट सोडून पोर्ट ब्लेअरची पकडावी. डेंग्यूतला फसवा टप्पा ताप उतरतानाचा. अंग थंड पडतं, माणूस म्हणतो बरं वाटतंय, आणि ग्रुप पुढे निघतो. नेमक्या याच चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यांवर लक्ष ठेवावं लागतं. हे दिवस शहरातच काढावेत. प्रवास विमा काढताना रुग्णाला मुख्य भूमीवर हलवण्याचा खर्च आणि स्कूबा त्यात धरलाय का हे वाचून घ्यावं. पुष्कळ विम्यांत पाण्याखालच्या उद्योगांना बारीक अक्षरात वगळलेलं असतं.

सहल संपली तरी हिशेब महिनाभर उघडा राहतो. डेंग्यूला चावल्यापासून चार ते दहा दिवस लागतात, लेप्टोला साधारण आठवडा-दोन आठवडे, हिवतापाला त्याहूनही अधिक. म्हणजे ताप येतो तेव्हा माणूस दादरला किंवा कोथरूडला आपल्या घरी असतो आणि फॅमिली डॉक्टरला व्हायरल वाटतं. ‘मी अंदमानला जाऊन आलो, ओढ्यातून चाललो’ हे वाक्य त्यांना स्वतःहून सांगायचं आणि हिवतापासाठी रक्त तपासून घ्यायचं. व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप निघाला तर तो यकृतात दडून महिन्यांनी परत उलटू शकतो. त्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असणाऱ्यांना त्या बाधतात, म्हणून ती तपासणी आधी करून घ्यावी. तीन दिवसांत ताप जातो आणि पुष्कळजण गोळ्या सोडून देतात. त्यांनी चौदाही दिवस पुरे करावेत.